अध्यापनालाही पुराव्याची चाड

नागपूर शहराला तंत्रशिक्षणाचे वावडे कधीच नव्हते. रावबहादूर लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्राने ठेवलेल्या देणगीतून १९४२ साली त्यांच्या नावाची तंत्रशास्त्रसंस्था येथे उभी राहिली, १९६० साली विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले, आणि अकोला जिल्ह्यातील मुरंबा या खेड्यातून आलेला एक विद्यार्थी १९६५ मध्ये त्याच महाविद्यालयातून अभियंता होऊन बाहेर पडला, त्या डॉ. विजय भटकरांचे नाव पुढे ‘परम’ महासंगणकाशी कायमचे जोडले गेले. १९८३ साली राज्यशासनाने विनाअनुदानित खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिल्यावर वानाडोंगरीपासून काटोल रोडपर्यंत नव्या इमारती उठल्या, २००२ मध्ये जुन्या प्रादेशिक महाविद्यालयाला राष्ट्रीय संस्थेचा दर्जा मिळाला, २०१६ मध्ये भारतीय माहिती तंत्रज्ञान संस्था आली, मिहानमध्ये टीसीएस आणि इन्फोसिस यांची कार्यालये थाटली गेली. वर्धा, भंडारा, गोंदिया, यवतमाळ, गडचिरोली येथून दरवर्षी जी मुले-मुली बॅग घेऊन या शहरात उतरतात, त्यांतली पुष्कळशी संगणकशाखेची वाट धरतात. इमारती, यंत्रे, जागा, शुल्क, प्लेसमेंट यांची चर्चा घरोघरी होते. परंतु वर्गाचे दार बंद झाल्यावर आत जे शिकवले जाते ते ज्या रीतीने शिकवले जाते, त्या रीतीने विद्यार्थी खरोखर शिकतो काय, या प्रश्नाची शहानिशा करण्याची वहिवाट मात्र आपल्याकडे अद्याप पडलेली नाही.

ही उणीव सॉफ्टवेअर अभियांत्रिकीसारख्या विषयात अधिक खटकते. कारण या शास्त्राचा जन्मच मुळी एका अस्वस्थतेतून झाला. १९६८ साली पश्चिम जर्मनीतील गार्मिश येथे ‘नाटो’ने बोलावलेल्या परिषदेत संगणकतज्ज्ञांनी उघडपणे कबूल केले, की मोठमोठे प्रोग्राम मुदतीत पुरे होत नाहीत, अंदाजपत्रकात बसत नाहीत आणि भरवशाने चालत नाहीत; सबब पूल आणि इमारती बांधण्याच्या विद्येत जी शिस्त आहे ती या विद्येतही आणली पाहिजे. शिस्त म्हणजे मोजमाप, आणि मोजमाप म्हणजे पुरावा. असे असता त्याच विद्येच्या पाठ्यक्रमात काही गोष्टी केवळ ऐकीव परंपरेने चालत आल्या आहेत, हे थोडे खोलात शिरल्यावर दिसते.

उदाहरण घ्यायचे तर ‘वॉटरफॉल मॉडेल’चे घ्यावे. गरजांची नोंद, मग आराखडा, मग लेखन, मग चाचणी, मग देखभाल, अशा पायऱ्यांनी उतरत जाणारी ती आकृती काढल्याशिवाय सॉफ्टवेअर अभियांत्रिकीचा पेपर सुटत नाही, अशी विद्यार्थ्यांची पक्की समजूत असते, आणि ती सर्वस्वी निराधार नाही. ज्या निबंधाचा दाखला या आकृतीसाठी दिला जातो तो विन्स्टन रॉइस यांचा १९७० सालचा निबंध. त्यात ‘वॉटरफॉल’ हा शब्दच नाही. उलट, या पायऱ्या एकदाच, सरळ रेषेत उतरून जाणे धोक्याचे आहे, असा स्पष्ट इशारा देऊन रॉइस पुढे फेरतपासणीचे आणि पुन्हा मागे येण्याचे मार्ग सांगतात. तीच गत ‘उशिरा सापडलेली चूक शंभरपट महाग’ या सूत्राची. बॅरी बोएम यांच्या १९८१ सालच्या ग्रंथाने ते रूढ केले. पण २००१ मध्ये खुद्द बोएम यांनीच व्हिक्टर बॅसिली यांच्यासमवेत लिहिले, की लहान आणि जोखीम नसलेल्या कामांत ही पट पाचाच्या आसपास असते. आणि २००६ ते २०१४ या काळातील १७१ प्रकल्पांच्या नोंदी तपासणाऱ्या एका पुढील अभ्यासाला तर त्या प्रकल्पांत असा काही परिणाम आढळलाच नाही. ही सूत्रे शिकवूच नयेत असे माझे म्हणणे नाही. ती कोठून आली, कोणत्या परिस्थितीत खरी ठरली आणि कोठे लंगडी पडली, एवढा तपशील त्यांच्याबरोबर गेला, तर विद्यार्थी एक आकृती पाठ करण्याऐवजी एका शास्त्राचे वर्तन पाहील.

परंतु विषयातील विधानांना पुरावा मागणे ही या प्रश्नाची अर्धी बाजू झाली. शिकवण्याच्या रीतीलाच पुरावा मागणे ही दुसरी आणि अधिक अवघड बाजू होय.

२००१ साली माइक मॅक्क्रॅकन यांच्या पुढाकाराने काही संगणक-शिक्षकांनी एक साधे धाडस केले. निरनिराळ्या देशांतील चार विद्यापीठांत पहिला प्रोग्रामिंगचा अभ्यासक्रम पुरा केलेल्या २१६ विद्यार्थ्यांना त्यांनी समान स्वरूपाची कामे दिली: गणिती पदावली घेऊन तिचे उत्तर काढणारा छोटा प्रोग्राम लिहा. शिक्षकांची अपेक्षा अशी, की एवढे तर येईलच. गुण ११० पैकी होते, आणि सरासरी आली २२.८९. हा आकडा मी मुद्दाम पूर्ण देतो, कारण आपल्या विद्यार्थ्यांविषयी बोलताना ‘हल्लीच्या मुलांना काही येत नाही’ हे वाक्य फार सहज उच्चारले जाते. जे नागपुरात दिसते ते केवळ नागपूरचे नव्हते. तीन वर्षांनी रेमंड लिस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सात देशांत पुढचा प्रश्न विचारला: ज्यांना प्रोग्राम लिहिता येत नाही, त्यांना दुसऱ्याने लिहिलेला पाच-दहा ओळींचा प्रोग्राम वाचून तो काय उत्तर देईल एवढे तरी सांगता येते काय? पुष्कळांना तेही धड येत नव्हते. म्हणजे दोष ‘समस्या सोडवण्याची बुद्धी’ नसण्याचा असेलच असे नाही. त्याआधीची एक पायरीच अध्यापनाने गाळली होती.

ही पायरी किती बारीक असते, ते एका उदाहरणाने दाखवतो. फळ्यावर तीन ओळी लिहिल्या आहेत असे समजा. पहिली: क = १०. दुसरी: ख = २०. तिसरी: क = ख. आता क किती आणि ख किती? अनुभवी माणूस निमिषात सांगेल, की दोन्ही २०. पण दहावीपर्यंत बीजगणितात बरोबरीचे चिन्ह म्हणजे दोन्ही बाजूंची समता असे शिकून आलेला विद्यार्थी येथे अडखळतो, आणि त्याचे अडखळणे सयुक्तिक असते. क तर १० आहे आणि ख २०, मग ते समान कसे, असे एकाला वाटते. दोघांच्या किमतींची अदलाबदल झाली असे दुसरा मानतो. ख मधले २० क मध्ये गेले, म्हणून ख आता रिकामा झाला, असे तिसऱ्याला वाटते. आणि डावीकडचे उजवीकडे गेले, म्हणून दोन्ही १०, असे चौथा धरतो. शिक्षक फळ्याकडून वळून विचारतात, ‘समजले?’ वर्ग एका सुरात म्हणतो, ‘हो सर.’ या चौघांनीही ‘हो’ म्हटलेले असते, आणि चौघांपैकी कोणीही खोटे बोललेले नसते. आपल्याला समजले असेच प्रत्येकाला वाटत असते. पुढे पाठ बदलतो, लूप येतो, फंक्शन येते, आणि हा एक दडलेला गैरसमज सेमिस्टरच्या शेवटी बॅकलॉग होऊन निकालपत्रात प्रकट होतो. मानसशास्त्रज्ञ रॉय पी यांनी १९८६ मध्येच नोंदवले होते, की नवशिक्यांच्या बहुतेक चुकांच्या मुळाशी एक समजूत असते: यंत्राच्या आत कोणीतरी समजूतदार बसला आहे आणि आपल्या मनातला हेतू तो ओळखून घेईल.

या तीन ओळींच्या प्रश्नाला एक दुःखद इतिहासही आहे. २००६ च्या सुमारास इंग्लंडमधील मिडलसेक्स विद्यापीठाच्या सईद देहनादी आणि रिचर्ड बोर्नाट यांनी अगदी अशाच प्रश्नांची एक चाचणी अभ्यासक्रमाच्या प्रारंभीच घेतली आणि असा निष्कर्ष प्रसृत केला, की वर्ग मुळातच दोन जातींत विभागलेला असतो; काहींच्या अंगी प्रोग्रामिंगची पात्रता असते आणि काहींच्या नसते, व शिकवण्याने त्यात फारसा फरक पडत नाही. हे विधान जगभर पसरले, कारण थकलेल्या शिक्षकाला दिलासा देणारे असे दुसरे विधान नाही. पुढे निरनिराळ्या ठिकाणी केलेल्या चाचण्यांत तो निष्कर्ष टिकला नाही, आणि २०१४ साली बोर्नाट यांनी तो जाहीरपणे मागे घेतला. त्यांच्या या प्रामाणिकपणाबद्दल मला मनःपूर्वक आदर वाटतो. पण मागे घेतलेले विधान मूळ विधानाइतके दूर जात नाही, आणि त्याची किंमत कोण देतो? ज्या मुलाच्या घरी संगणक नव्हता, ज्याने अहेरीच्या किंवा पुसदच्या शाळेत दहावीपर्यंत मराठीतून शिकून पहिल्यांदा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत कळफलकाला बोट लावले, त्याच्या पहिल्या महिन्यातल्या गोंधळावर ‘याला उपजत कल नाही’ असा शिक्का बसतो. आणि ज्याने आठवीपासून शिकवणीत प्रोग्राम लिहिले आहेत त्याची पूर्वतयारी ‘प्रतिभा’ म्हणून रुजू होते. पुरावा मागण्याची सवय ही मला म्हणूनच केवळ शास्त्रीय शिस्त वाटत नाही; विदर्भातल्या वर्गात ती न्यायाची बाब आहे.

मग उपाय कोणते, आणि ते लागू पडतात याचा दाखला काय? यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. मुंबईच्या आयआयटीत २०१० साली शैक्षणिक तंत्रज्ञानाचा एक आंतरशाखीय संशोधन-कार्यक्रम सुरू झाला. तेथील अदिती कोठियाल, सहाना मूर्ती, श्रीधर अय्यर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रथम वर्षाच्या प्रोग्रामिंगच्या एका अवाढव्य वर्गाचा अभ्यास केला. एका सभागृहात शेकडो विद्यार्थी आणि समोर एक शिक्षक, हे दृश्य आपल्याला परके नाही. अमेरिकेतील फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये सुचवलेली एक रीत त्यांनी तेथे लावली: शिक्षकाने प्रश्न द्यावा, प्रत्येकाने प्रथम एकट्याने विचार करून वहीत लिहावे, मग शेजाऱ्याशी ताडून पाहावे, आणि शेवटी साऱ्या वर्गाने मिळून चर्चा करावी. रीत सोपी आहे. महत्त्वाचे ते पुढचे. ‘वर्ग किती रंगला’ या समाधानावर न थांबता त्यांनी प्रत्यक्ष निरीक्षणाची एक पद्धत बसवली, ती विश्वासार्ह आहे ना हे आधी तपासले, आणि मग दहा आठवड्यांत झालेल्या अशा तेरा उपक्रमांत विद्यार्थी नेमके काय करतात याची नोंद वर्गात बसून ठेवली: कोण लिहितो आहे, कोण शेजाऱ्याशी त्याच प्रश्नावर बोलतो आहे, कोण नुसताच बसून आहे. सरासरीने ८३ टक्के विद्यार्थी पूर्णपणे किंवा बव्हंशी कामात गढलेले आढळले, आणि विद्यार्थ्यांनी स्वतःविषयी जे सांगितले त्याचा या निरीक्षणांशी मेळ बसला.

येथेच थांबले असते तर तो अर्धाच पुरावा झाला असता, कारण गढून जाणे म्हणजे शिकणे नव्हे. पुढील अभ्यासाच्या शीर्षकातच त्यांनी तो प्रश्न स्वतःला विचारला, की यातून शिकणे खरोखर घडते काय. आणि एका गटाला व्याख्यानाने व दुसऱ्याला या रीतीने तोच भाग शिकवून नंतर दोघांची परीक्षा घेतली. दुसरा गट सरस ठरला. तीन ओळींच्या आपल्या प्रश्नाकडे वळून पाहिले तर यामागचे कारण उमगते. दोन्ही २० म्हणणारी मुलगी आणि अदलाबदल झाली म्हणणारा मुलगा शेजारी बसून एकमेकांना पटवू लागतात, तेव्हा जो गैरसमज ‘हो सर’ने झाकला जात होता तो बोलला जातो, आणि बोलला गेलेला गैरसमज दुरुस्त करता येतो. कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो येथे हार्वर्डच्या एरिक माझूर यांच्या अशाच ‘पीअर इन्स्ट्रक्शन’ पद्धतीने चार संगणक-अभ्यासक्रम शिकवले गेले, आणि दहा वर्षांच्या नोंदी ताडून पाहता नापासांचे प्रमाण सरासरी २० टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आलेले दिसले. विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित या विषयांतील २२५ अभ्यासांचा एकत्रित धांडोळा २०१४ मध्ये स्कॉट फ्रीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला. त्यात केवळ व्याख्यानाच्या वर्गांत नापास होणारे ३३.८ टक्के, तर विद्यार्थ्यांना वर्गात कामाला लावणाऱ्या अध्यापनात २१.८ टक्के आढळले.

आता प्रयोगशाळेकडे येऊ. आपल्या अनेक महाविद्यालयांत एका संगणकावर दोन-तीन विद्यार्थी बसतात आणि ती दारिद्र्याची खूण मानली जाते. वस्तुतः दोघांनी मिळून एकच प्रोग्राम लिहिणे या रीतीवर, म्हणजे ‘पेअर प्रोग्रामिंग’वर, २००० च्या सुमारापासून बराच अभ्यास झालेला आहे. लॉरी विल्यम्स यांच्या प्रयोगांत जोड्यांना एकंदर वेळ थोडा अधिक लागला, परंतु त्यांच्या प्रोग्राममध्ये दोष कमी निघाले. कॅलिफोर्नियातीलच सांताक्रूझ येथे चार्ली मॅक्डॉवेल, लिंडा वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले, की जोडीने शिकणारे विद्यार्थी अभ्यासक्रम अर्ध्यावर कमी सोडतात आणि त्यांचा आत्मविश्वास अधिक असतो, मुलींचाही. पण हा लाभ दोघे एका यंत्रापुढे बसले म्हणून आपोआप होत नाही. एकाने टंकन करायचे, दुसऱ्याने प्रत्येक ओळ तपासत पुढचा विचार बोलून दाखवायचा, आणि ठरावीक वेळाने जागा बदलायची, हा नियम त्याचा प्राण आहे. आपल्याकडे होते ते असे, की ज्याचा हात बसलेला आहे तो शेवटपर्यंत कळफलक सोडत नाही, बाकीचे दोघे प्रॅक्टिकलच्या फाइलमध्ये तयार मजकूर उतरवतात, आणि सबमिशनच्या दिवशी तिघांच्याही फाइलवर सही होते. यंत्रे तेवढीच, विद्यार्थी तेवढेच. भिंतीवरचे घड्याळ पाहून दर पंधरा मिनिटांनी जागा बदलण्याचा शिरस्ता एवढाच काय तो खर्च.

न्यूझीलंडच्या ओटागो पॉलिटेक्निकमधील डेल पार्सन्स आणि पॅट्रिशिया हेडन यांनी २००६ मध्ये मांडलेली कोड्यांची रीतही अशीच बिनखर्चाची आहे: बरोबर प्रोग्रामच्या ओळी उलटसुलट करून द्यायच्या, त्यांत एखाद-दुसरी चुकीची ओळ मिसळायची, आणि विद्यार्थ्याने त्या योग्य क्रमाने लावायच्या. कागदाच्या पट्ट्यांवरही हे करता येते, वीज गेली तरी थांबत नाही, आणि कोऱ्या पडद्यापुढे गोठून जाणाऱ्या मुलाला प्रारंभ करण्याची जागा मिळते. याउलट, शिक्षक-प्रशिक्षणांत आवर्जून सांगितली जाणारी एक गोष्ट, की कोणी डोळ्याने शिकतो, कोणी कानाने, सबब ज्याला त्याला त्याच्या प्रकाराप्रमाणे शिकवावे, ही मात्र २००८ मध्ये हॅरोल्ड पॅश्लर आदी मानसशास्त्रज्ञांनी तपासली तेव्हा तिला पुरेसा आधार सापडला नाही. तिच्यावर खर्च होणारे तास वाचवावेत.

हे सारे अध्यापकांना माहीत नसते, हा त्यांचा अपराध नव्हे. आयआयटी मुंबईचे डॉ. दीपक फाटक यांनी हजारो अभियांत्रिकी शिक्षकांना दूरस्थ केंद्रांतून एकाच वेळी प्रशिक्षण देण्याची जी तजवीज केली, तिच्यात वर सांगितलेल्या संशोधकांनी आपल्या रीती पोचवल्याही. पण कार्यशाळेहून परतलेल्या शिक्षकापुढे आठवड्याचे भरगच्च वेळापत्रक, विद्यापीठाने आखून दिलेला अभ्यासक्रम आणि कागदपत्रांचा डोंगर असतो. २०१४ मध्ये भारत अभियांत्रिकी पदव्यांच्या परस्पर मान्यतेच्या वॉशिंग्टन करारात पूर्ण सदस्य म्हणून दाखल झाल्यापासून ‘विद्यार्थ्याला काय साध्य झाले’ हे दाखवणे मान्यतेसाठी आवश्यक ठरले आहे. कल्पना उत्तम आहे. तथापि, तक्त्यात टक्के भरून दस्तऐवज पुरा करणे आणि एका गैरसमजाचा माग काढणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिल्यासाठी शिक्षकाला वेळ द्यावाच लागतो, दुसऱ्यासाठी तो उरत नाही. मान्यतेच्या समितीने विभागाकडे एवढेच मागावे, की गेल्या वर्षी तुम्ही शिकवण्याची कोणती एक गोष्ट बदलली आणि तिचा परिणाम काय झाला ते दाखवा; मग तो वेळ सत्कारणी लागेल.

परदेशातील निष्कर्ष जसेच्या तसे उचलून येथे लागू करावेत, असेही मी म्हणणार नाही. वर उल्लेखलेले बहुतेक अभ्यास अमेरिकेतील आहेत. आयआयटीचा वर्ग देशभरातून निवडलेल्या मुलांचा आहे. येथील वर्गात जो प्रश्न सर्वांत जिव्हाळ्याचा आहे त्यावर तर बाहेरचे उत्तर मिळणेच शक्य नाही, आणि तो म्हणजे भाषेचा. २०२१ मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने मराठीसह काही भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवण्यास परवानगी दिली, तेव्हा एका बाजूने जयजयकार झाला आणि दुसऱ्या बाजूने मुलांच्या नोकऱ्यांची काळजी व्यक्त झाली. दोन्ही बाजूंकडे निष्ठा होती, मोजमाप कोणाकडेच नव्हते. प्रत्यक्षात आपल्या वर्गांत आज जे चालते ते निव्वळ इंग्रजीही नाही आणि निव्वळ मराठीही नाही: पारिभाषिक शब्द इंग्रजी, स्पष्टीकरण अर्धे मराठीत, अर्धे हिंदीत, आणि परीक्षा इंग्रजीत. ही मिश्र रीत कोणाला तारते आणि कोणाला बुडवते?

हे शोधून काढण्यास मोठे अनुदान लागत नाही. एकाच महाविद्यालयात एकाच वर्षाच्या दोन तुकड्या असतात, पुष्कळदा शिक्षकही एकच असतो. क, ख आणि बरोबरीच्या चिन्हाचा तो पाठ एका तुकडीत इंग्रजीतून द्यावा, दुसरीत मराठीतून, पारिभाषिक शब्द मात्र दोन्हीकडे तेच ठेवावेत. पाठापूर्वी दोन्ही तुकड्यांना तोच छोटा प्रश्नसंच द्यावा, पाठानंतर लगेच एकदा आणि तीन आठवड्यांनी पुन्हा एकदा द्यावा, उत्तरे कोणी कोणती चुकवली ती केवळ गुणांनी नव्हे तर चुकीच्या प्रकारासह नोंदवावीत, आणि पुढच्या पाठाला तुकड्यांची अदलाबदल करावी म्हणजे कोणावर अन्याय होणार नाही. विद्यार्थ्यांना हे कशासाठी चालले आहे ते आधी सांगावे आणि त्यांची संमती घ्यावी. एका महाविद्यालयाचा आकडा लहान पडेल; वानाडोंगरीचा, काटोल रोडचा, वर्ध्याचा आणि चंद्रपूरचा एकत्र केला तर तो लहान राहणार नाही, आणि विद्यापीठाच्या अभ्यास मंडळापुढे पुढचा अभ्यासक्रम ठरवण्यासाठी येईल तेव्हा त्याच्या शेजारी ठेवण्याजोगा दुसरा कोणताही कागद त्या टेबलावर नसेल.